बाभूळबेटात माणूस राहतो

माघ वद्य ७, शके १८७६
बाभूळबेट वस्ती, गोदा-गंगेचा काठ

भुजंगा,

जिथं असशील तिथं तुझ्या पोटाला भाकर आणि डोक्याला सावली असो, एवढंच पोखर्णीच्या नरसिंहाला मागून कागद हाती घेतलाय.

दोन वर्षं तुझा ठावठिकाणा नव्हता. परवा मुंजाजी भोयानं सांगितलं की तू नकाशेवाल्या साहेबाच्या हाताखाली लागलास आणि तुमचे तंबू गंगाखेडच्या अंगाला पडलेत. मुंजाजीच तुमचं सामान होडीतून अलीकडं-पलीकडं करतो म्हणे. तुला वाचता येत नाही, कुणाकडून वाचून घे. पण एखाद्या बऱ्या माणसाकडून घे, चारचौघांत नको. मी पोथीवर बोट ठेवून ठेवून अक्षरं शिकले तवा तुलाही शेजारी बसवायला हवं होतं. पण तुला तवा करडांमागं पळायचं असायचं.

दादाच्या माघारी तू मेंढरं दत्तरावभावजींच्या स्वाधीन केलीस आणि पगाराच्या मागं गेलास. मी रागात बोलले, तू रागात गेलास. ते गाठोडं आज बाजूला ठेव. काळजीचं काम निघालंय.

गेल्या बाजाराच्या दिवशी तुमचा साहेब आपल्या वस्तीवर आला. तीन पायांची फळी, फळीवर कागद, वर छत्री. एक डोळा मिटून पट्टीवरून गंगेकडं बघायचा आणि कागदावर रेघ ओढायचा. मला वाटलं, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पण माणूस वाईट नव्हता, पाणी मागून प्याला आणि तांब्या स्वतःच विसळून ठेवला.

वस्तीवर आमी तिघी म्हाताऱ्याच. मी, धुरपताबाई आणि तानुबाई. बाकीचे सगळे दिवाळी होताच मेंढरं घेऊन वरच्या रानात गेलेत. आपला शिरस्ता तुला ठाऊक आहे. जाताना छपरं उतरवून, गुंडाळून बाभळीच्या फांद्यांना बांधली, म्हणजे वाळवी लागत नाही. मागं नुसते काटक्यांचे कुड उभे. आमी तिघी बेटाच्या मागच्या अंगाला एकाच खोपीत निजतो, ती काठावरून दिसत नाही.

साहेबानं विचारलं, "बाई, इथं वस्ती आहे का?"

म्या म्हटलं, "न्हाई बा."

"मग हे कुड कुणाचे?"

"असतील कुणाचे जुने."

"घरं किती होती? जनावरं किती?"

"साहेब, आमी वाटसरू बाया. सावलीला टेकलो."

आणखीही त्यानं एक गोष्ट विचारली. ती इथं लिहीत नाही.

त्यानं कागदावर बारीक काहीतरी लिहिलं आणि गेला. तू म्हणशील, वहिनी खोटं का बोलली. अरे, मेंढरू मोजलं की घटतं. तुझ्या वडलांनी उभ्या जन्मात कळपावर बोट फिरवलं नाही, नुसत्या नजरेनं ओळखायचे कोणतं मागं राहिलं ते. आणि घरं मोजणारे आले की मागून काय येतं, ते आमी बघितलंय. निजामाच्या अमलात सक्तीनं धान्य नेणारे लेव्हीवाले असेच मोजून गेले होते. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताक फुंकून पितो.

पण काल दत्तरावभावजी कळपावरून ज्वारी न्यायला आले. ऐकून कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "वहिनी, काय करून बसलात. त्यानं ओसाड लिवलं असंल. ओसाड म्हंजे पडीक, आन् पडीक जमीन सरकार कुणालाबी देतंय. आमी ज्येष्ठात मेंढरं घेऊन यायचो, आन् हितं दुसऱ्याचा नांगर फिरायला लागलेला असायचा."

तवापासून घास उतरत नाही. तू त्याच कॅम्पात आहेस. साहेबाला सांग की बाभूळबेटात माणूस राहतो. पलीकडच्या वाळूवर तुमचा एक गडी लाल-पांढरा झेंडा धरून उभा होता. उन्हात पाणी चकाकत होतं, तोंड काही दिसलं नाही. त्याला विचार. त्यानं आमच्या खोपीचा धूर बघितला असंल.

तुझी वहिनी
केवळाबाई


फाल्गुन शुद्ध १०
बाभूळबेट

भुजंगा,

उत्तर आलं नाही. आजचा कागद रागाचा आहे, आधीच सांगते.

आज मुंजाजी मासळीची जाळी वाळवायला काठाला आला. म्या विचारलं, "मुंजाजी, त्या दिशी पलीकडं झेंडा धरून कोण रं हुबा होता?"

तो खाली बघून म्हणाला, "जाऊ द्या की वहिनी."

"कोण होता?"

"तुमचाच की. दुसरा कोण? म्याच त्याला होडीतून उतरवला तिकडं."

धुरपताबाई शेजारी लसूण सोलीत होती. ती म्हणाली, "बरंच झालं केवळे. दिराला एवढा मोठा केला, त्यानं घराला झेंडा दावला."

मी लग्न होऊन आले त्याला पंधरा वर्षं झाली होती तवा तू रांगत होतास. सासूबाई गेल्या आणि तू माझ्या पदराला लागलास. माझ्या कुशीत दुसरं लेकरू आलं नाही, तुझ्यामुळं त्याची मला याद झाली नाही. आणि तू पलीकडं उभा राहून आपलं घर ओसाड होताना बघितलंस. तुझ्या हातात झेंडा होता, तोंडात काय होतं? गुळणी धरली होतीस का? त्याच वाळूवर तू पोहायला शिकलास. बाभळीच्या त्याच फांदीवरून पडून तुझा हात मोडला होता, आणि मी तुला पाठीवर घेऊन गंगाखेडपावेतो गेले होते, हाड बसवणाऱ्याकडं. एवढंही नाही आठवलं?

पगाराचं जू मानेवर आलं की मान मागं वळत नाही, असं ऐकलं होतं. आज बघितलं.

दत्तरावभावजी रोज निरोप धाडतात, काय झालं म्हणून. मी सांगते, भुजंग बघायलाय, साहेबाशी बोलायलाय. तुझ्यापायी आता त्यांच्याशीही खोटं.

तू येऊ नकोस, बोलू नकोस. मीच जाते तुझ्या साहेबाकडं. गुडघा धड नाही, पण होडीला गुडघे लागत नाहीत.

केवळाबाई


फाल्गुन वद्य ६
बाभूळबेट

माझ्या लेकरा,

हा कागद जिंतूरच्या पत्त्यावर घालते. गंगाखेडच्या कॅम्पात मी जाऊन आले, तू तिथं नाहीस हे कळलं. मागचा कागद तुला मिळालाच असंल तर चुलीत घाल. मिळाला नसंल तर देवाची कृपा.

काय काय झालं ते सांगते, मधी थांबू नकोस, शेवटापावेतो वाचून घे.

धुळवडीनंतर मुंजाजीनं मला होडीत घातलं. साहेबाचं नाव दिनकरराव. मला बघून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही त्या झाडाखालच्या आजी ना? वाटसरू?"

मी म्हटलं, "वाटसरू न्हाई साहेब, घरधनीण हाय. त्या दिशी खोटं बोलले."

त्यानं मला खुर्ची दिली. मी खाली बसले. त्यानं फळीवरचा कागद दाखवला. भुजंगा, आपली गंगा केवढीशी काढलीय रे. मेंढीच्या लोकरीचा धागा सुटून पडावा तशी. वाळूला ठिपके, कड्याला बारीक बारीक रेघा, जिथं पावसाळ्यात पाणी फिरतं तो जुना ओढा तुटक तुटक. बाभळी पण काढल्यात. एवढं सगळं बघितलं त्यानं. आणि बाभळींच्या शेजारी शिसपेनीनं लिहिलेलं, ओसाड. मला वाचता येतं हे त्याला माहीत नव्हतं. मी तो शब्द बोट ठेवून वाचला.

मी म्हटलं, "साहेब, तुमचा झेंडेवाला आमचा दीर हाय. त्यानं सांगायला पायजे होतं तुमाला."

दिनकररावानं हातातली शिसपेन खाली ठेवली. मग म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं आजी. सकाळी झेंडा घेऊन निघण्याआधीच म्हणाला, साहेब, पलीकडं बाभूळबेट आहे, ती आमची वस्ती. तिथं माझी वहिनी असेल, तिनंच मला वाढवलं. तिला माझं नाव सांगा, ताक पाजल्याशिवाय सोडायची नाही. म्हणून तर मी तुम्हाला विचारलं."

आता जे पहिल्या कागदात लिहिलं नव्हतं ते लिहिते. त्यानं विचारलं होतं, "भुजंग नावाचा कुणी तुमचा आहे का?" आणि मी म्हटलं होतं, "आमचा कुणी भुजंग न्हाई. मला असलं नाव ठावं न्हाई."

लेकरा, अनोळखी माणूस आपल्या माणसाचं नाव घेऊन दारात येतो, तवा माझं काय होतं ते तुला सांगायला नको. निजामाच्या शेवटच्या दिवसांत तुझ्या दादाचं नाव घेऊन घोड्यावरचे आले होते, त्यांना मी भोळेपणानं सांगितलं, कुरणात हायत म्हणून. दादा कुरणातून परत आले नाहीत. त्या दिवशी साहेबाच्या तोंडून तुझं नाव आलं आणि मला एवढंच कळलं की हे पोरगं कशात तरी अडकलंय, याला लपव. माझ्या हातात दुसरं काय होतं? झाकायला पदर, आणि नाही म्हणायला तोंड.

तू पलीकडं होतास. तुला काही ऐकू आलं नसंल. पण साहेबानं कॅम्पात येऊन सांगितलं, आणि गडी हसले म्हणे. 'बिनघरचा भुजंग' असं नाव पाडलं. दिनकरराव म्हणाला, "मला वाटलं, पोरगं बढाई मारतंय. मी त्याला रागावलो देखील. त्यानं झेंडा गुंडाळून ठेवला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, मला पूर्णेच्या कॅम्पात पाठवा, जिंतूरकडं."

होडीत परत येताना मी मुंजाजीकडं पाठ करून बसले. तो वल्हं मारीत म्हणाला, "वहिनी, पाण्यात काय बघायलात?" मी म्हटलं, "काय न्हाई." मी तुझ्याच जागेवरून आपला काठ बघत होते. पलीकडून वस्ती कशी दिसते ते मी कधी बघितलंच नव्हतं. नुसते कुड. खरंच ओसाड दिसते रे.

साहेबानं एक वाट दिलीय. म्हणाला, "अजून शिसपेन आहे. कॅम्प हलवण्याआधी मी गुढीपाडव्यानंतर एक फेरी मारणार, मग शाई चढवणार. शाई चढली की माझ्या हातात काही नाही. मला वर छप्पर असलेलं घर दिसू दे, आणि त्यात कोण राहतं ते सांगणारं माणूस दिसू दे."

छपराचं मी बघते. तू फक्त एवढं कळव की तू हा कागद ऐकलास.

तुझीच
वहिनी


चैत्र शुद्ध ५, शके १८७७
बाभूळबेट

भुजंगा,

तुझं उत्तर नाही. मी रोज काठाला जाऊन मुंजाजीची होडी बघते. तो लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही. हल्ली मी त्याच्या हाताकडं बघायचं सोडलंय.

आमी छपरं चढवली. हसू नकोस. तिघी म्हाताऱ्या, तिघींचे मिळून दोन डोळे धड आणि एकही गुडघा नाही. फांदीवरून गुंडाळी सोडली ती तानुबाईच्या अंगावर आली. ती आतून ओरडली, "मेले गं बाई." धुरपताबाई म्हणाली, "मरू नगंस, आदी ते टोक धर." मग मुंजाजीनं आणि त्याच्या पोरांनी हात लावला. दिवस मावळेपावेतो आपली वस्ती पुन्हा वस्तीसारखी दिसायला लागली. पाखरंही फसली, चिमण्या वळचणीला शिरल्या.

पण दत्तरावभावजी चिडलेत. कळपावरून आले आणि चढलेली छपरं बघून दारातच उभे राहिले. "वहिनी, छपरं चढवली ते ठीक. पर त्या साहेबाला आकडा देऊ नगा. जागा जाईल तर दुसरी बघू. मेंढरं गेली तर काय बघू?"

"तुमीच म्हणलात की ओसाड लिवलं तर जागा जाईल."

"म्हनलो. पर मोजून द्या असं न्हाई म्हनलो. झाकली मूठ हाय आपली."

"भावजी, मूठ झाकून झाकून बोटं गळून पडली. एक बोट जिंतूरला हाय."

त्यांनी ज्वारीचं पोतं घोड्यावर टाकलं आणि गेले. जाताना वळून म्हणाले, "एखादं कोकरू जरी दगावलं, तर त्ये तुमच्या बोटानं दगावलं." आणि कालच निरोप आला की एक व्यालेली मेंढी आजारी आहे. मी अजून मोजलंही नाही, आणि रात्रभर माझ्या डोळ्यापुढं तीच मेंढी. मी चुकते आहे का रे? तुझे वडील असते तर त्यांनी काय केलं असतं? विचारायला कुणी उरलं नाही. वडीलधारी मीच झालेय, हे माझ्या आताच ध्यानात आलंय.

साहेबाचा सांगावा आलाय, येत्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो येतोय. मी त्याला सगळं मोजून देणार आहे. घरं, माणसं, आणि घटायची असतील तर मेंढरंही.

तुझ्या दादाच्या खोपीशेजारी तुझं छप्पर पण चढवलंय. साहेब विचारणार, यात कोण राहतं. मी तुझं नाव सांगणार. पण एकदा 'मला ठावं न्हाई' म्हणालेल्या म्हातारीच्या शब्दावर तो का विश्वास ठेवील? आणि त्यानं ठेवला तरी, तुझ्या कॅम्पातल्या गड्यांना कोण सांगणार? ते अजून तुला त्याच नावानं हाक मारत असतील. ते माझ्या काळजात काट्यासारखं रुतून बसलंय, जागेपेक्षा जास्त. जागा गेली तर दत्तरावभावजी म्हणतात तशी दुसरी बघता येईल.

केवळाबाई


चैत्र शुद्ध १२
जिंतूर, पूर्णेकाठचा कॅम्प

भुजंगा,

हे अक्षर वाकडं आलंय, कारण मी तुझ्या खाटेवर बसून, तुझ्या पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहितेय.

मी तुझ्या उत्तराची वाट बघायची सोडली. धुरपताबाईला सांगितलं, साहेब येईस्तोवर मी माघारी येते. मुंजाजीनं गंगा ओलांडून दिली, मग एसटी, परभणीला दुसरी एसटी. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले. खिडकीला घट्ट धरून बसले होते, शेजारचा म्हणाला, "आजी, खिडकी सोडा, ती कुठं जात न्हाई."

तुमच्या कॅम्पात गडी भाकरीला बसले होते. मी सगळ्यांच्या मधी जाऊन उभी राहिले. वाटेत घोकून आले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "भुजंगाची वहिनी मी. बाभूळबेटाची. त्याला घर हाय. म्या त्या दिशी न्हाई म्हणलं ते माझ्या भ्यापोटी. हसायचं असंल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. एक जण हात धुऊन उठला आणि माझ्या पाया पडला. तो बन्सीधर, तुझ्याच तंबूत राहतो. म्हणाला, "वहिनी, आमी ओळखतो तुमाला. गंगाखेडहून मागून आलेले धरून तुमचे सगळे कागद म्याच वाचून दाखवलेत त्याला. तो गुळणीचा कागद तर दोनदा वाचायला लावला."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "उत्तर का न्हाई धाडलं मग?"

"म्या म्हनलं हुतं, सांग, लिवून देतो. तर म्हनायचा, जे सांगायचंय ते दुसऱ्याच्या अक्षरात कसं सांगू."

"कुठाय तो?"

बन्सीधरनं माझं गाठोडं खाटेवर ठेवलं. मग म्हणाला, "काल सकाळीच गेला की. तुमचा छपराचा कागद वाचला आन् इथल्या साहेबाकडं रजा मागायला गेला. म्हनला, शाई चढायच्या आत मला वस्तीवर हुबं राहायचंय."

भुजंगा, परभणीच्या स्टँडावर आपण एकमेकांच्या पाठीमागून गेलो असू.

मला आत्ताच निघायचं होतं. पण गुडघा घागरीएवढा सुजलाय, इथला कंपौंडर पाय टेकू देईना. उद्या सकाळच्या मोटारीनं बन्सीधर साहेबलोकांचे कागद घेऊन गंगाखेडला निघालाय. हा कागद त्याच्या हाती देते. साहेब वस्तीवर यायच्या आत तो तुझ्यापाशी पोचेल, आणि तोच तुला वाचून दाखवील. त्याला ताक पाज.

आता ऐक. दिनकरराव येईल, फळी मांडील, विचारील. तू मोज. प्रत्येक दारापुढं उभा राहून बोट दाखवून मोज. दत्तरावभावजी आडवे आले तर म्हण, वहिनीनं सांगितलंय, पाप तिच्या माथी. ती आजारी मेंढी उठली का ते बघ, मला चैन नाही. दादाची खोप सोडू नकोस, ती पण मोज. तुझी मोजताना घाबरू नकोस.

आणि साहेबानं विचारलं, तुझी वहिनी कुठं आहे, तर सांग, मला शोधायला गेलीय.

केवळाबाई